बायबलमधील वचन आणि कायद्यातील कलम : १८६९ च्या घटस्फोट कायद्याच्या निमित्ताने

माळावरचा

ख्रिस्ती धर्मग्रंथाचा राजकारणावर आणि सरकारी धोरणावर प्रभाव असावा की नसावा, हा विषय निघाला की आपली चर्चा हमखास अमेरिकेकडे वळते. गर्भपात, शाळेतील प्रार्थना, वर्गाच्या भिंतीवर दहा आज्ञा लावण्याचा आग्रह, ही उदाहरणे वर्तमानपत्रांमुळे आपल्याला तोंडपाठ झाली आहेत. मात्र बायबलमधल्या एका वाक्याच्या सावलीत लिहिलेला कायदा आपल्याच देशात, आपल्याच जिल्हा न्यायालयांत १३२ वर्षे चालला आणि त्याचे चटके ज्यांना बसले त्या स्त्रिया आपल्या शेजारीपाजारी राहत होत्या, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. मी बोलतो आहे ते १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याबद्दल.

या कायद्याच्या दहाव्या कलमानुसार ख्रिस्ती नवऱ्याला घटस्फोट हवा असेल तर बायकोने व्यभिचार केला एवढे सिद्ध करणे पुरेसे होते. बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. त्या व्यभिचाराला क्रूरतेची किंवा किमान दोन वर्षांच्या परित्यागाची जोड असावी लागे, किंवा तो निषिद्ध नात्यातला असावा लागे, किंवा नवऱ्याने धर्म बदलून दुसरे लग्न केलेले असावे लागे, किंवा बलात्कारासारखा गुन्हा दाखवावा लागे. नवरा रोज मारहाण करतो पण परस्त्रीकडे जात नाही, अशा बाईला या कायद्यात सुटका नव्हती. नवरा घर सोडून परागंदा झाला आणि तिकडे तो काय करतो याचा पुरावा नाही, तर तिलाही नव्हती. फार तर न्यायिक फारकत मिळे, म्हणजे वेगळे राहण्याची मुभा मिळे, पण लग्न कायम राही.

सगळे व्यभिचाराभोवतीच का फिरत होते, याचे उत्तर बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. एकोणिसाव्या अध्यायात येशू बायको टाकण्याला विरोध करतो आणि तेथे 'जारकर्माचे कारण वगळता' असा एकच अपवाद येतो. इंग्लंडच्या पार्लमेंटने १८५७ मध्ये घटस्फोटाचा अधिकार दिवाणी न्यायालयाकडे दिला तेव्हा त्या अपवादाच्या बाहेर जाण्याची तिची तयारी नव्हती, आणि बारा वर्षांनी तोच साचा जवळजवळ जसाच्या तसा हिंदुस्थानातील ख्रिस्ती लोकांसाठी आणला गेला. पुढे इंग्लंडने १९२३ मध्ये नवरा-बायकोला समान पातळीवर आणले आणि १९३७ मध्ये क्रूरता, परित्याग आणि वेड ही स्वतंत्र कारणेही मान्य केली. आपल्याकडे मात्र मूळ कलम २००१ पर्यंत पुस्तकात राहिले. हिंदू स्त्रीला मुंबई प्रांतात १९४७ च्या कायद्याने आणि देशभर १९५५ च्या कायद्याने जे मिळाले, त्यासाठी ख्रिस्ती स्त्री आणखी जवळपास अर्धे शतक थांबली.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. वचन माणसाच्या सदसद्विवेकात जरूर असावे, आमदार-खासदारांच्याही असावे, पण ते कलमात उतरू नये. विवेकात असलेल्या वचनाचा अर्थ वाचणाऱ्याची समज वाढेल तसा उलगडत जातो. तेच वचन कलमात जाऊन बसले की ते ज्या पिढीने लिहिले त्या पिढीच्या समजुतीसह गोठते आणि मग त्याचा अर्थ बदलण्यासाठी संसदेला सवड होण्याची वाट पाहावी लागते.

वसईकर

धागा वाचून बरे वाटले, परंतु आपण आरोपी चुकीचा उभा केला आहे असे मला वाटते. मी कॅथलिक आहे आणि लहानपणापासून ही शुभवर्तमाने ऐकत आलो आहे. आपण मत्तय उद्धृत केलात, पण मार्क वाचला नाहीत. मार्कच्या दहाव्या अध्यायात तोच प्रसंग आहे, तेथे अपवाद मुळीच नाही, आणि अकराव्या ओवीत पुरुषाला जे सांगितले आहे तेच बाराव्या ओवीत स्त्रीला सांगितले आहे. नियम कडक आहे, पण तो दोघांना सारखाच कडक आहे. बायकोचा एक व्यभिचार पुरे आणि नवऱ्याच्या व्यभिचाराला वर आणखी काही हवे, हा हिशेब चार शुभवर्तमानांत कोठेही सापडणार नाही. तो हिशेब इस्टेटीचा आणि वारसाचा होता: बायकोच्या हातून चूक झाली तर परक्याचे मूल वारस होईल, ही जमीनदाराची भीती होती.

आणखी एक गोष्ट सांगतो. १८५७ च्या त्या विधेयकाला पार्लमेंटमध्ये सर्वांत चिवट विरोध पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन यांनी केला, आणि तो बायबल हातात घेऊनच केला. त्यांचा घटस्फोटालाच विरोध होता हे खरे. परंतु तो द्यायचाच असेल तर स्त्री आणि पुरुष यांच्यात भेद करणे ख्रिस्ती शिकवणीच्या विरुद्ध आहे, असेही त्यांनी बजावले होते. म्हणजे त्या सभागृहात शास्त्राचा आधार घेणारा आवाज समतेच्या बाजूने होता आणि व्यवहार पाहणाऱ्या बहुमताने तो बाजूला सारला. मग वचनाचा प्रभाव जास्त पडला म्हणून अन्याय झाला, की कमी पडला म्हणून झाला?

वकीलबाई

मी या कायद्याखाली अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे तो पुस्तकाबाहेर कसा चालत असे ते थोडे सांगते.

पहिली अडचण पुराव्याची होती. मारहाणीचे साक्षीदार मिळतात, शेजारी मिळतात, दवाखान्याचा कागद मिळतो. नवऱ्याच्या व्यभिचाराचा साक्षीदार कोण होणार? शिवाय ज्या स्त्रीबरोबर त्याचे संबंध आहेत असे म्हणायचे तिचे नाव अर्जात येणार, म्हणजे आणखी एका बाईची अब्रू वेशीवर टांगली जाणार. म्हणून पुष्कळ जणी अर्जच करत नसत. दुसरी अडचण अशी की जिल्हा न्यायाधीशाने दिलेला घटस्फोटाचा हुकूम तेवढ्याने पक्का होत नसे. त्यावर उच्च न्यायालयाची मोहोर लागावी लागे आणि त्यासाठी तीन न्यायाधीशांचे पीठ बसावे लागे. दोन्ही बाजूंना मान्य असलेली प्रकरणेही या एका टप्प्यावर वर्षानुवर्षे पडून राहत. तिसरी गोष्ट ऐकून आजच्या मुलींना हसू येते: चौतिसाव्या कलमाखाली नवऱ्याला बायकोच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागता येत असे. बायकोला तसा हक्क नव्हता, कारण नवरा ही तिची मालमत्ता नव्हती.

हे बदलावे असे विधी आयोगाने १९६० पासून सांगितले. १९६२ मध्ये विधेयक आलेही, पण लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले. १९८३ मध्ये आयोगाने पुन्हा सांगितले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका खासी जमातीच्या, प्रेस्बिटेरियन पंथाच्या महिला अधिकाऱ्याचे प्रकरण आले. लग्न उरले नाही हे न्यायालयाला दिसत होते, पण कायदा फारकतीच्या पुढे जाऊ देत नव्हता. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकालात संसदेला कायदा बदलण्याची विनंती केली आणि निकालाची प्रत विधी मंत्रालयाकडे पाठवायला सांगितले. तरीही काही हलले नाही. शेवटी १९९५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने कलमातील विषमता घटनाबाह्य ठरवली, आणि महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती स्त्रीला क्रूरता किंवा परित्याग यांपैकी एकाच कारणावर घटस्फोट मागता येऊ लागला. संसद २००१ मध्ये आली.

एवढा उशीर का झाला, याचे सरकारी उत्तर दर वेळी एकच असे: समाजाचे एकमत झालेले नाही. मतपेटीच्या हिशेबात ख्रिस्ती समाज लहान आणि धर्माचा प्रश्न नाजूक, म्हणून कोणीच हात लावत नव्हते. वसईकर म्हणतात तसे मूळ वचन समतेचे असेलही, पण 'हा त्यांच्या धर्माचा विषय आहे' हे पाच शब्द कलमाभोवती कुंपणासारखे उभे होते, ते पहिल्यांदा न्यायालयाने ओलांडले.

शंकेखोर

एक भाबडी शंका आहे. १९५४ चा विशेष विवाह कायदा सर्वांना खुला होता. मग या स्त्रियांनी त्याखाली लग्नाची नोंद का केली नाही?

वकीलबाई

शंका भाबडी नाही. लग्न आधीच चर्चमध्ये झाले असेल तर पंधराव्या कलमाने ते विशेष विवाह कायद्याखाली नोंदवता येते, परंतु त्यासाठी नवरा-बायको दोघांनी मिळून अर्ज करावा लागतो आणि तोवर ते एकत्र राहत असावे लागतात. ज्याच्यापासून सुटायचे आहे त्याच नवऱ्याला बरोबर घेऊन नोंदणी कार्यालयात जायचे, असा तो मार्ग आहे. आणि लग्नाच्या आधी, अंगावर पांढरा झगा घालण्याची तयारी चालू असताना, घटस्फोट सोपा जावा म्हणून सरकारी नोंदणी करू या, असे कोणती मुलगी घरात म्हणेल?

पाळकपुत्र

माझे वडील नगर जिल्ह्यात पाळक होते, त्यामुळे हा धागा माझ्या घरातूनच जातो. आधी एक माहितीची भर घालतो आणि मग घरचे सांगतो.

१८६९ च्या कायद्याच्या तीनच वर्षे आधी, १८६६ मध्ये, हेन्री मेन गव्हर्नर जनरलच्या मंडळाचे विधी सदस्य असताना धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा एक वेगळा कायदा झाला होता. तो तर बायबलमधून आणखी सरळ उचललेला आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून जात असेल तर जाऊ द्या, अशा वेळी भाऊ किंवा बहीण बंधनात नाही. कायद्याने त्याचे कलम केले: ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याच्या धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने टाकले तर तो न्यायालयात जाऊ शके, न्यायालय जोडीदाराला एक वर्षाची मुदत देई, आणि तरीही नांदायला नकार असेल तर लग्न मोडे. ज्या काळात बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाची बायको सासर-माहेरच्या दडपणाखाली परत येत नसे आणि दोघेही आयुष्यभर अधांतरी राहत, त्या काळात या कायद्याचा उपयोग नक्कीच होता. आणि तो नवरा व बायको दोघांनाही सारखा होता, कारण पौलाने 'भाऊ किंवा बहीण' असे म्हटले होते. म्हणजे वचन कलमात उतरले की ते विषमच होते असे नाही. माळावरच्या यांनी याचे उत्तर द्यावे.

आता घरचे. माझ्या मावशीचा नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी काम शोधायला म्हणून गेला आणि परत आला नाही. काही वर्षे मनीऑर्डर येत होती, मग तीही थांबली. मावशी आमच्याकडेच राहिली. ती शाळेत शिक्षिका होती, स्वतःच्या पायावर उभी होती, आणि एका विधुर सहकाऱ्याने तिला मागणीही घातली होती. वकिलाने सांगितले की परित्यागाचा पुरावा भरपूर आहे, पण व्यभिचाराचा नाही, तेव्हा घटस्फोट होणार नाही. मंडळीतील वडीलधाऱ्यांनी सांगितले की सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायची असते. मावशी त्यावर म्हणाली होती की क्षमा करायला तो माणूस समोर तरी यायला हवा. तिने पुन्हा लग्न केले नाही. १९९७ चा निकाल लागला तेव्हा ती निवृत्तीला आली होती, आणि कात्रण तिला मीच वाचून दाखवले होते.

माझ्या वडिलांना या गोष्टीचा सल शेवटपर्यंत होता. ते म्हणत की व्यासपीठावरून मी करिंथकरांस पत्राचा अर्थ सांगून तिला मोकळी म्हणू शकतो, कारण टाकून जाणारा माणूस विश्वास सोडूनच गेलेला असतो, असा अर्थ आमच्या परंपरेत अनेकांनी लावला आहे. पण मी लावलेला अर्थ कोर्टात चालत नाही. आमच्या सुधारलेल्या प्रॉटेस्टंट परंपरेत परित्याग हे घटस्फोटाचे कारण फार पूर्वीपासून मानले गेले आहे. कायद्याने एका अर्थावर बोट ठेवले आणि बाकीचे अर्थ धर्माच्या बाहेर टाकले, ही त्यांची तक्रार होती.

मडगावकर

महाराष्ट्रातल्या लोकांना वाटते की गोव्यात समान नागरी कायदा आहे, तेव्हा तेथे हा प्रश्नच उद्भवला नसणार. प्रत्यक्षात तेथे वचनाऐवजी चर्चचा न्यायाधिकार कायद्यात शिरला. पोर्तुगालमध्ये १९१० मध्ये प्रजासत्ताक आले आणि त्याच वर्षी घटस्फोटाचा कायदा झाला, तो काळाच्या मानाने बराच पुढारलेला होता. मग हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने १९४० मध्ये व्हॅटिकनशी करार केला आणि चर्चमध्ये लग्न करणाऱ्या कॅथलिकांनी दिवाणी घटस्फोटाचा हक्क सोडला असे मानले जाऊ लागले. त्यासंबंधीचे नियम १९४६ च्या हुकुमाने गोव्याला लागू झाले, आणि चर्चच्या न्यायाधिकरणाने विवाह रद्द ठरवला तर सरकारी दप्तरही त्याची दखल घेऊ लागले.

गंमत पुढे आहे. पोर्तुगालने १९७५ मध्ये व्हॅटिकनशी बोलून ते बंधन काढून टाकले. पण तोवर गोवा भारतात येऊन तेराहून अधिक वर्षे झाली होती, त्यामुळे लिस्बनमधली सुधारणा मांडवीपर्यंत पोहोचली नाही आणि जुनी बेडी मात्र राहिली. ज्याने कायदा लादला तो सुधारतो आणि ज्याच्यावर लादला तो तसाच राहतो, हे आपण १८६९ च्या कायद्यात पाहिले, तेच येथेही झाले.

ओहायोवासी

अमेरिकेकडे वळू नका असे धागाकर्त्याने सुचवले आहे, तरी एक मुद्दा तेथूनच मांडावा लागतो, कारण त्यांचा सिद्धांत तेथे अडखळतो.

१८५० मध्ये अमेरिकेत पळून गेलेल्या गुलामाला पकडून मालकाकडे परत देण्याचा कडक कायदा झाला. त्याच्या समर्थकांनी फिलेमोनला लिहिलेले पत्र पुढे केले, कारण त्यात पौल ओनेसिम नावाच्या दासाला मालकाकडे परत पाठवतो. विरोधकांनी बायबलमधील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा तेविसावा अध्याय पुढे केला, त्यात मालकापासून पळून आलेल्या दासाला परत देऊ नका अशी स्पष्ट आज्ञा आहे. एकाच पुस्तकातून दोन्ही बाजू लढल्या. एका बाजूचे वचन शेवटी राज्यघटनेत जाऊन बसले असेही म्हणता येईल, कारण गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या दुरुस्तीमागे त्या चळवळीतल्या धार्मिक माणसांचे कित्येक दशकांचे कष्ट होते. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून मार्टिन ल्यूथर किंग यांनी पत्र लिहिले ते धर्मगुरूंनाच उद्देशून होते, आणि अन्यायी कायदा हा कायदाच नव्हे या संत ऑगस्टिनच्या वचनाचा त्यांनी त्यात आधार घेतला होता. उलट बाजूने, जून २०१८ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी सीमेवर मुलांना आईबापांपासून वेगळे करण्याच्या धोरणाचे समर्थन करताना रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा हवाला दिला: सत्ता देवाने नेमलेली आहे, तेव्हा कायदा पाळा.

मला यातून एवढेच दिसते की सत्ताधारी बोलू लागला की त्याला रोमकरांस पत्र आठवते आणि सोसणारा बोलू लागला की त्याला मिसरची गुलामगिरी सोडून निघालेले इस्राएली लोक आठवतात. वचन कोणाच्या तोंडी आहे हे पाहिल्याशिवाय 'प्रभाव असावा की नसावा' याचे एकच उत्तर देता येईल असे मला वाटत नाही.

एकेकाळचा ऐझॉलकर

नोकरीमुळे काही वर्षे मिझोराममध्ये होतो. तेथे चर्चच्या आग्रहाने झालेला संपूर्ण दारूबंदीचा कायदा १९९७ मध्ये लागू झाला, २०१५ मध्ये दुकाने उघडली, आणि २०१९ मध्ये सरकार बदलल्यावर पुन्हा बंदी आली. दोन्ही वेळा कायदा बदलला तो विधानसभेत, मतदारांना विचारून. मला तो कायदा पटत नव्हता, पण तो फिरवता येतो हे मी पाहिले. ज्या कायद्याच्या गुणदोषांवर निवडणुकीत भांडता येते, त्यामागे चर्च असले तरी मला भीती वाटत नाही. १८६९ च्या कलमावर मते मागायला कोण उभा राहणार होता? (बायबलचा पाठिंबा दारूबंदीला आहे की नाही हाही वादाचाच विषय आहे. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला हे सर्वांना माहीत आहे, आणि पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला होता. हे मी तेथे असताना कधी बोललो नाही.)

माळावरचा

सर्वांचे आभार. माझा मूळ मुद्दा मी मांडला तेवढा सरळ राहिलेला नाही हे मान्य करतो. पाळकपुत्र यांनी दिलेले १८६६ चे उदाहरण आणि ओहायोवासी यांनी दिलेले गुलामगिरीचे उदाहरण पाहता, वचन कलमात उतरूच नये हे म्हणणे टिकत नाही. पण मी एक जुने, आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे प्रकरण समोर ठेवतो आणि मग माझे सुधारलेले म्हणणे मांडतो.

रखमाबाईंवर दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा केला तो नांदायला येण्याचा, म्हणजे वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा होता. या प्रकरणाची आठवण आपण सहसा टिळक, सुधारक आणि बालविवाह एवढ्या संदर्भात काढतो. परंतु तो दावा मुळात आला कोठून? हिंदू शास्त्रात पळून गेलेल्या बायकोला न्यायालयाच्या हुकुमाने नवऱ्याच्या घरी आणण्याची तरतूद नव्हती. हा उपाय इंग्लंडच्या चर्च न्यायालयांचा होता. देवाने जोडलेले माणसाने तोडू नये, तेव्हा वेगळी राहणारी बायको परत आली पाहिजे, या विचारातून तो तयार झाला होता आणि १८५७ मध्ये तो तेथील दिवाणी न्यायालयाकडे आला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळताना हेच सांगितले की ही इंग्लंडची रीत आहे आणि हिंदू कायद्यात तिला आधार नाही. अपिलात निकाल फिरला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम दिला. इंग्लंडने असा तुरुंगवास १८८४ मध्येच बंद केला होता. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे: १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, त्या लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या.

एका हिंदू स्त्रीला चर्चच्या कायद्याने तुरुंगाची धमकी दिली, आणि हिंदू धर्माभिमान्यांनी ती आपल्या धर्माची रक्षक समजून उचलून धरली, यापेक्षा चमत्कारिक गोष्ट कोणती? हा उपाय इंग्लंडने १९७० मध्ये काढून टाकला. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आजही आहे. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी त्याला पुन्हा जीवदान दिले. कलम वाचणाऱ्या किती जणांना कल्पना असते की आपण सातासमुद्रापलीकडच्या बिशपच्या न्यायालयाचा कायदा वाचत आहोत?

त्यावरून माझे सुधारलेले म्हणणे असे. कायद्यामागे वचन असायला हरकत नाही, मात्र त्या कायद्याचे समर्थन ते पुस्तक न मानणाऱ्या माणसासमोरही करता आले पाहिजे. गुलामाला माणूस माना, हे बायबल न मानणाऱ्यालाही पटवता येते. बायकोच्या एका चुकीची किंमत नवऱ्याच्या दोन चुकांएवढी आहे, हे कोणालाच पटवता येत नाही, म्हणून त्याला धर्माचे कुंपण लागते. आपल्या घटनासमितीपुढे १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी सरनाम्याची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी दुरुस्ती मांडली, ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. विरोधात मत देणारे सगळे काही नास्तिक नव्हते.

वसईकर

आपले सुधारलेले म्हणणे बरेच पटते, पण त्यात एक अढी राहते. श्रद्धावान माणसाने सार्वजनिक चर्चेत येताना आपली भाषा दाराबाहेर ठेवावी आणि दुसऱ्याच्या भाषेत बोलावे, अशी ती अट होते. नास्तिकाला किंवा बाजारवाद्याला तशी अट कोणी घालत नाही. त्याची गृहीतके सर्वांचीच आहेत असे धरून चालले जाते. वसईत हिरव्या पट्ट्यासाठी आंदोलन झाले तेव्हा आमचे धर्मगुरू रस्त्यावर उतरले होते. जमीन देवाची आहे आणि आपण तिचे राखणदार आहोत, हे ते व्यासपीठावरून उघड सांगत. त्यांनी ते वाक्य गिळून फक्त भूजलाची आकडेवारी मांडावी असे आपण म्हणाल काय? माणसे आकडेवारीमुळे जमली नव्हती.

वकीलबाई

वसईकर, आपल्या शंकेला मी अनुभवातून उत्तर देते. १९९० च्या दशकात ख्रिस्ती महिला संघटना आणि निरनिराळी चर्चेस यांनी एकत्र बसून नव्या विवाह कायद्याचे मसुदे केले, त्या काळातल्या काही बैठकांना मी हजर होते. तेथे धर्मभगिनी होत्या, पाळकांच्या बायका होत्या, माझ्यासारख्या वकील होत्या. त्या बैठकांत वाद बायबलवरूनच झाला आणि तो होणे अपरिहार्य होते, कारण समोर बसलेल्या बिशपांना राज्यघटनेचा समानतेचा चौदावा अनुच्छेद पाठ नव्हता, मत्तय पाठ होता. कॅथलिक प्रतिनिधींनी सांगितले की आम्ही घटस्फोट मानणार नाही, परंतु दिवाणी कायद्यात स्त्रीला समान हक्क मिळण्याच्या आड येणार नाही. या एका वाक्यापर्यंत पोहोचायला बराच वेळ लागला, आणि त्याशिवाय सरकारचे ते 'एकमत' कधीच झाले नसते.

न्यायालयात मात्र आम्ही राज्यघटनेचे १४, १५ आणि २१ हे अनुच्छेद घेऊन उभ्या राहिलो. मला तेव्हा आपण दोन तोंडांनी बोलतो आहोत असे वाटले नाही. न्यायाधीश पारशी असेल, हिंदू असेल, मुसलमान असेल, आणि निकाल सर्वांना बांधणारा असतो, म्हणून तेथे सर्वांच्या मालकीची भाषा लागते. आपल्या माणसांना पटवायचे तर त्यांच्या घरातली भाषा लागते. वसईच्या आंदोलनातही धर्मगुरू व्यासपीठावर एक बोलले असतील आणि न्यायालयात दुसरे लिहिले गेले असेल.

आमच्या अर्जात मत्तय कोठेही नव्हता. बैठकीत मात्र पाळकपुत्रांच्या मावशीसारखीच हकिगत असलेली एक शिक्षिका मार्कच्या दहाव्या अध्यायातील बारावी ओवी वहीच्या पानावर लिहून घेऊन आली होती, आणि आपली पाळी आल्यावर तिने तेवढीच वाचली व खाली बसली.